४ जानेवारीला तुम्ही कुठे असता?

खिडकीवाला | २७ डिसेंबर २०२५, रात्री ११:४८

यंदा ४ जानेवारी रविवारी आलाय त्यामुळे ऑफिसात थाप मारायला लागणार नाही. नाहीतर गेली वीसेक वर्षं माझी ती ठरलेली रजा. एकदा साहेबांनी विचारलंच, दर वर्षी याच तारखेला काय असतं रे तुझं? मी म्हणलं श्राद्ध असतं. अगदीच खोटं नव्हतं ते. सख्ख्या आजोबांची तिथी मला आईला फोन करून विचारावी लागते पण पंचम, म्हणजे आपले संगीतकार आर. डी. बर्मन, गेल्याची तारीख कोणाला विचारावी लागत नाही, यावरून घरात बोलणी खाऊन झालेली आहेत.

आधीच सांगतो, इथे आवडत्या दहा गाण्यांची यादी टाकू नका, तसले चाळीस धागे आहेत. मला पंचमवेड्या माणसांबद्दल बोलायचंय.

१९९४ ला मी सांगलीला कॉलेजात, सेकंड इयर. पाच तारखेच्या पेपरात पंचम गेल्याची बातमी होती, वय ५४. मेसमध्ये समोर बसलेला पोरगा म्हणाला, "च्यायला, हा अजून होता?" त्याची चूक नव्हती, आधीची सात-आठ वर्षं इंडस्ट्रीनेच त्याला जवळजवळ मोडीत काढलं होतं. मला त्या दिवशी रडू आलं ते पंचम गेला म्हणून की या वाक्यामुळे, अजून सांगता येत नाही. मग जुलैत पंचमचं संगीत असलेला "१९४२ अ लव्ह स्टोरी" लागला आणि तोच पोरगा होस्टेलभर ती गाणी गुणगुणत फिरायला लागला, तेव्हा मात्र मी त्याच्याशी पंधरा दिवस बोललो नाही. लहान होतो.

मला वाटायचं असला येडा मी एकटाच. गाणं चालू असताना बाकीचे शब्द ऐकतात, हिरोईन आठवतात, आणि मी कडव्याच्या आधी मागे खसखस घासल्यासारखा जो आवाज येतो तो कशाचा यात अडकलेला. कोणाला विचारणार? रेकॉर्डवर गायकाचं नाव, गीतकाराचं नाव, संगीतकाराचं नाव. वाजवणाऱ्यांचं नाव कुठ्ठेच नाही.

२००२ मध्ये पुण्यात नोकरीला आलो, सायबर कॅफेत बसून एका याहू ग्रुपवर पोचलो आणि तिथे कोणीतरी अगदी तोच प्रश्न विचारलेला होता. खालती सत्तावीस उत्तरं आणि त्यातली अर्धी भांडणं. मी त्या खुर्चीत दीड तास बसून होतो, बाहेर गाडी नो-पार्किंगमधून उचलून नेली. (उत्तर: रेसो रेसो नावाचं वाद्य. खाचा असलेली नळी, तिच्यावर काडी घासायची. वाजवणारे अमृतराव काटकर. मी इतकी वर्षं कुठल्यातरी ब्राझीलच्या माणसाची कल्पना करत होतो आणि निघाले आपले काटकर!)

त्या ग्रुपची पहिली भेट कर्वेनगरच्या एका वन बीएचकेत, अकरा माणसं, एकही जण दुसऱ्याला चेहऱ्याने ओळखत नव्हता. यजमानाने टेप लावला. गाणं सुरू झालं, आणि कडवं संपून मागचा तो बारीकसा गिटारचा तुकडा यायची वेळ आली तसं कोणी न सांगता अकराच्या अकरा जणांचं बोट वर गेलं. बास. तेव्हाच कळलं की ही आपली माणसं.

पुढे २००९ ला आईचं ऑपरेशन झालं, रात्री दोनला रक्त लागणार म्हणाले. मी नातेवाइकांना फोन करायच्या आधी ग्रुपवर टाकलं, ते का ते मलाही माहीत नाही. पहाटे चारला हॉस्पिटलच्या पायरीवर पाच जण बसलेले होते. त्यातल्या एकाचं खरं नाव मला रक्तपेढीच्या फॉर्मवर पहिल्यांदा कळलं, तोपर्यंत तो माझ्यासाठी फक्त "बासगिटार" होता.

तर सांगा. तुम्ही या कुटुंबात कसे आलात?

---

कांची_नागपूर | २८ डिसेंबर, सकाळी ७:१५

अहो खिडकीवाले, सकाळी सकाळी रडवता का.

मी माझ्या मोठ्या भावामुळे. दादाला मादलचं, म्हणजे त्या नेपाळी ढोलकीचं, वेड होतं. रणजित गजमेर दार्जिलिंगहून आले, "हरे रामा हरे कृष्णा"त कांची रे कांची रे ला मादल वाजवलं आणि पंचमदा त्यांना कांचाच म्हणायला लागले, ही गोष्ट दादाने मला इतक्या वेळा सांगितलीय की माझं नावच कांची पडलं घरात. दादा २००४ मध्ये गेला. अपघात. त्याच्या कॅसेटी माझ्याकडे आल्या, साडेतीनशेच्या वर, प्रत्येकीवर त्याच्या अक्षरात कोणतं वाद्य कुठे येतं ते लिहिलेलं, आणि मला त्यातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं.

ते विचारायला म्हणून मी ग्रुपवर आले. तेव्हा बायका जवळपास नव्हत्याच. पहिल्या भेटीला गेले तर दार उघडणाऱ्याने "वहिनी, ते येतायत का मागून?" असं विचारलं. म्हणलं कोण ते? मीच आहे कांची. बिचारा दोन वर्षं माफी मागत होता.

पण एक सांगते. त्या बाप्यांनी दादाच्या चिठ्ठ्या एकेक करून माझ्यासोबत ऐकल्या. दर शनिवारी फोनवर दोन कॅसेटी. सगळं संपायला साडेतीन वर्षं लागली. मधे एका चिठ्ठीत दादाने चुकीचं वाद्य लिहिलेलं सापडलं तर कोणी बोलेचना, शेवटी मीच म्हणाले की अरे चुकलाय तो, बोला ना. मग सगळे हसले आणि मीही, आणि दादा गेल्यावर त्याच्यावरून मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

आता भाऊबीजेला पुण्याहून दोघं आणि अमरावतीहून एक येतो. ओवाळणीत रेकॉर्ड असते. साडी आणू नका अशी तंबीच आहे.

---

ठेका_ओपीचा | २८ डिसेंबर, सकाळी ९:०२

चालू द्या तुमचं भजनी मंडळ. बुक्का लावा, टाळ घ्या आणि "पंचम पंचम" करत फुगड्या घाला.

काही प्रश्न फक्त. ते मेहबूबा मेहबूबा ग्रीक गायक डेमिस रूसोसच्या गाण्यावरून घेतलेलं, मिल गया हम को साथी मिल गया सरळ सरळ स्वीडनच्या आब्बा बँडचं. हे तुमच्या आरतीत येतं का? आणि आशाबाईंचा आवाज घडवला कोणी? संगीतकार ओ. पी. नय्यरनी. तुम्हाला आयता मिळाला. लताबाईंचं एकही गाणं न घेता एवढं साम्राज्य उभं करणारा एकच माणूस झाला आणि त्याच्या नावाचा धागा काढला तर इथे तीन प्रतिसाद येतात, त्यातले दोन माझेच असतात.

---

अर्धा_सूर | २८ डिसेंबर, सकाळी ९:४०

आला! वाटच बघत होतो. दर पंचम धाग्यावर दहाव्या प्रतिसादाच्या आत ओपीकाका हजेरी लावतात, यंदा दुसऱ्यालाच.

घेतलेली आहेत ओ, कोण नाही म्हणतंय. आमच्यात त्याची वेगळी यादी आहे, मूळ गाणं आधी वाजवतो आणि मग पंचमचं, आणि दोन्हीत काय बदललं त्यावर तासभर घालवतो. जो भक्त हे लपवतो त्याला आम्ही कच्चा समजतो. घरातला माणूस कसा आहे हे घरच्यांना जास्त माहीत असतं.

---

टारदेव७४ | २८ डिसेंबर, दुपारी १२:२१

नमस्कार मंडळी. वय ७६. टाइप करायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

मी १९७४ ते ८३ ताडदेवला बँकेत होतो. फिल्म सेंटर हा रेकॉर्डिंग स्टुडिओ तिथून चालत पाच मिनिटं. पंचमची किती रेकॉर्डिंग तिथे झाली ते तुम्हा लोकांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. आम्ही लंच टाइमला समोर चहा प्यायला जायचो. व्हायोलिनच्या पेट्या घेतलेली माणसं उतरायची, कोणी टॅक्सीतून, बरेच जण बसने. साधे शर्ट, हातात डबा. आम्ही आपले दारात नट येतो का बघायचो. या लोकांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आज वाटतं थोबाडीत मारून घ्यावी. मारुतीराव कीर माझ्या शेजारी चहा पीत उभे असतील, बासू चक्रवर्ती असतील, होमी मुल्लां असतील, मनोहारी सिंग असतील, मला काय कळणार.

त्या काळात बहुतेक सगळे एकत्र वाजवायचे. तीस-चाळीस माणसं, एकाची चूक झाली की परत पहिल्यापासून. शिफ्टचे पैसे घ्यायचे आणि दुसऱ्या स्टुडिओकडे पळायचं. संध्याकाळी घरी जाऊन बायकोला सांगत तरी असतील का, की आज मी काय वाजवून आलो? सिनेमा लागेल तेव्हा पडद्यावर हिरो गिटार धरणार आणि टाळ्या त्याला.

२०१२ ला आमची मंडळी, म्हणजे बायको, गेली. मुलगा बंगलोरला. मी दिवसभर विविध भारती लावून बसायचो. शेजारच्या मुलीने फेसबुकवर एका ग्रुपात घातलं. तिथे एका पोराने ताडदेवचा जुना फोटो टाकला होता, मी सहज लिहिलं की चहावाला डाव्या हाताला होता. झालं! तासाभरात चाळीस प्रश्न. काका, दरवाजा कुठल्या बाजूला? काका, गाड्या कुठे लावायचे? काका, पाऊस आला तर वाद्यं कशी आत न्यायचे? माझ्या आयुष्यातल्या त्या बिनकामाच्या चहाला एवढी किंमत येईल असं स्वप्नात नव्हतं.

आता महिन्यातून दोन रविवार माझ्याकडे जमतात. दहा-बारा जण. माझा जुना रेकॉर्ड प्लेअर त्यांनीच दुरुस्त करून दिला. पोरं खाऊन भांडी घासून जातात. मुलाला सुरुवातीला शंका आली होती, की घराच्या कागदांवर तर डोळा नाही ना या लोकांचा. एकदा येऊन बसला. जाताना त्याने त्यातल्या एकाचा नंबर घेतला, "बाबांचं काही लागलं तर".

---

कांची_नागपूर | २८ डिसेंबर, दुपारी १:०५

काका _/\_

तो चहावाल्याचा धागा मी तीनदा वाचलाय!

---

लोफाय_लेकरू | २८ डिसेंबर, दुपारी ३:३३

ओके, सगळं भारी भारी चाललंय पण मला जरा वेगळं बोलायचंय. माझा जन्म २००३ चा. मी रीलवरून आले, हो रीलवरून, कोणीतरी पंचमचा बीट स्लो करून त्यावर पाऊस टाकलेला, तिथून मूळ गाणं शोधलं आणि मग झोपच उडाली. सहा महिने दुसरं काही ऐकलं नाही. मग एका ग्रुपवर उत्साहाने लिहिलं की ब्लॅक आयड पीज या अमेरिकन ग्रुपनी पण पंचमचं सॅम्पल घेतलंय. त्यावर माझी जी काही पूजा बांधली! ते गाणं कल्याणजी-आनंदजींचं आहे, एवढं माहीत नाही तर इथे कशाला येता, आमच्या वेळी कॅसेट उलटी करायला पेन्सिल लागायची वगैरे वगैरे. चूक होती माझी, मान्य. पण एकाने इनबॉक्समध्ये येऊन चक्क परीक्षा घेतली, पाच वादकांची नावं सांग म्हणे.

मग मी लाजून वर्षभर एकटीच ऐकत बसले. आणि हे वाचताना, वाईट वाटून घेऊ नका, पण असं वाटतंय की कुटुंब म्हणता ना, मग कुटुंबातल्या चिडक्या आत्यापण आहेतच की तुमच्यात.

---

खिडकीवाला | २८ डिसेंबर, दुपारी ४:१०

लेकरू, ती परीक्षा घेणारा मी नव्हतो, पण तशा परीक्षा मी घेतल्यात. खोटं कशाला बोलू.

त्यामागे एक खुन्नस आहे ती सांगतो, माफी म्हणून नाही, फक्त कळावं म्हणून. पंचम असताना त्याला कोणी विचारलं नाही, गेल्यावर सगळे आले. रिमिक्सवाले, पंचम नाइटवाले, टीव्हीवाले. त्यामुळे नवा माणूस आला की आम्हाला तो मेसमधला पोरगा आठवतो. पण गंमत म्हणजे आपणही उशिराच आलेलो असतो. मी १९ वर्षांचा होतो ९४ ला, मी तरी काय त्याला जिवंतपणी साथ दिली? एक पत्र लिहायला पाहिजे होतं सांताक्रूझच्या पत्त्यावर, तेही लिहिलं नाही.

तू ४ तारखेला ये. पुण्यात असशील तर. कोणी परीक्षा घेतली तर सांग, त्याला भांडी घासायला लावू.

---

मडगावचो | २८ डिसेंबर, संध्याकाळी ६:५०

मडगावातून लिहितोय. आमचो एक अंकल, बाबांचा चुलत भाऊ, साठच्या दशकात मुंबईला गेला व्हायोलिन घेऊन. त्या पिढीतले कितीतरी गेले. इथे पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळेत पोरांना सूर लिहायला वाचायला शिकवायचे, त्यामुळे हिंदी सिनेमाला मोठा ऑर्केस्ट्रा लागायला लागला तेव्हा कागद समोर ठेवला की वाजवणारे लोक गोव्यातनं मिळायचे. अंकलने सगळ्यांकडे वाजवलं, पंचमकडेपण. घरी परत आला ऐंशीच्या दशकाअखेर, सिंथेसायझर आल्यावर काम आटलं तेव्हा. आम्ही पोरं त्याला "मुंबयचो अंकल" म्हणायचो, दुपारी झोपायचा आणि संध्याकाळी बाल्कांवात बसायचा. व्हायोलिन कपाटावर. आमच्यातल्या कोणी कधी विचारलं नाही त्याने काय वाजवलंय.

२०११ ला पुण्याचे दोघे अचानक दारात. एक फाइल घेऊन. त्यात रेकॉर्डिंगचे जुने फोटो, प्रत्येक डोक्यावर नंबर घातलेला, आणि काही डोक्यांपुढे प्रश्नचिन्ह. नंबर १४ म्हणजे तू का, असं अंकलला विचारायला साडेचारशे किलोमीटर आले होते. अंकल आधी घाबरला, त्याला वाटलं टॅक्सवाले. मग म्हणाला, "कित्याक रे? कोणाक जाय हें?" (कशाला रे? कोणाला हवंय हे?)

त्याने त्या दिवशी सहा प्रश्नचिन्हांची नावं सांगितली. कोण कुठला, कोण कुठल्या गावचा, कोण वारला. नंबर १४ तो नव्हता. तो १७ होता, अर्धा चेहरा दुसऱ्याच्या धनुकलीमागे.

ते दोघे मग दर मे महिन्यात यायचे, आंबे खायला म्हणून. अंकलच्या फ्युनरलला, २०१६, ते दोघे आणि अजून सात जण आले. आमच्या फादरनी विचारलं हे कोण? मी काय सांगणार, म्हणलं फॅमिली.

---

हिशोबनीस | २८ डिसेंबर, रात्री ८:२५

सगळ्यांचं वाचून छातीत भरून आलंय पण मी खजिनदार होतो पाच वर्षं, त्यामुळे दुसरी बाजू माझ्याकडून ऐका.

कुटुंब म्हणलं की भाऊबंदकी आली. आमच्या गावात (नाव सांगत नाही) २७ जूनला पंचमच्या वाढदिवसाला दोन कार्यक्रम होतात, एकाच वेळी, एकाच रस्त्यावर, कारण २०१४ मध्ये निवेदन कोणी करायचं यावरून फाटलं. एका आजारी वादकांसाठी वर्गणी काढली होती, पैसे त्यांना पोचले, पावती आहे, पण ते आधी कोणी पोचवले आणि फोटोत कोण उभं राहिलं यावरून अजून एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत लोक. ट्रॅकवर गाणारे कराओकेवाले आणि प्रत्यक्ष वादक घेऊनच कार्यक्रम झाला पाहिजे म्हणणारे यांच्यात तर रोटीबेटी बंद आहे. मी स्वतः दुसऱ्या गटाचा. ट्रॅक लावून पंचमची पुण्यतिथी करायची म्हणजे ज्या माणसाने आयुष्यभर हाताने वाजवणाऱ्यांना जपलं त्याच्याच तेराव्याला हॉटेलातून पार्सल मागवण्यासारखं आहे.

पण एक गंमत. कोणी गेलं की दोन्ही गट येतात. वेगवेगळे उभे राहतात, पण येतात.

---

एडिसनचा_ठाणेकर | २९ डिसेंबर, पहाटे ५:४०

इकडे अजून कालची संध्याकाळ आहे. आमच्याकडे ४ जानेवारी नेहमी गोंधळाचा, भारतातला धरायचा की न्यूजर्सीतला, म्हणून आम्ही दोन्ही धरतो.

इथे २००५ ला क्रोनोस क्वार्टेट या अमेरिकन व्हायोलिनवाल्या चौकडीने आशाबाईंना घेऊन पंचमच्या गाण्यांचा अल्बम केला तेव्हा ऑफिसातल्या गोऱ्या कलीगला सीडी दिली होती मी, दोन आठवड्यांनी तो येऊन म्हणाला की ते चमच्याने ग्लास वाजवतात ना, तो कुठला ग्लास असेल? मी त्याला मिठीच मारली. आता तो आमच्या बेसमेंटमध्ये येतो, बायको आमटी-भात वाढते, गड्याला हिंदी शब्द कळत नाही पण बोट बरोबर जागेवर वर जातं.

खरं सांगायचंय ते वेगळं आहे. लॉकडाउनमध्ये आम्ही रोज झूमवर भेटायचो, पुणे नागपूर ठाणे एडिसन, एक गाणं रोज. इंटरनेटमुळे सगळ्यांना ते अर्धा सेकंद पुढेमागे ऐकू यायचं त्यामुळे बोटं लाटेसारखी वर जायची. आमच्यात एक जण होता, त्याला आम्ही "प्रिल्यूड" म्हणायचो कारण मुद्द्यावर यायला त्याला पंधरा मिनिटं लागायची. एप्रिल २०२१ मध्ये तो ॲडमिट झाला. माझं आणि त्याचं एका गाण्यावरून तीन वर्षं भांडण चालू होतं, दुसऱ्या कडव्याच्या आधी जे वाजतं ते संतूर की अजून काही. गाण्याचं नाव सांगत नाही, परत सुरू होईल. ऑक्सिजन लावलेला असताना त्याने मला मेसेज पाठवला, "संतूर नाही. हेडफोन लावून ऐक. परत ऐक." त्यानंतर मेसेज नाही.

मी अजूनही म्हणतो संतूरच आहे. पण ते त्याला सांगता येत नाही याचं जे काही होतं ना पोटात, ते मी कोणाला समजावून सांगू शकत नाही, बायकोलापण नाही, फक्त ग्रुपवरच्या सात-आठ जणांना सांगायलाच लागत नाही.

---

अर्धा_सूर | २९ डिसेंबर, सकाळी ८:०५

प्रिल्यूड :(

(आणि संतूरच आहे. त्याच्यासमोर कधी बोललो नाही.)

---

ठेका_ओपीचा | २९ डिसेंबर, रात्री १०:५७

काल टिंगल केली. आज दोनदा सगळं वाचलं. आता मी लिहितो, मधे कोणी बोलू नका.

आमच्या ओपींचं शेवटी काय झालं माहीत आहे ना तुम्हाला? घरच्यांशी पटलं नाही, मुंबईतलं घर सोडलं, आणि शेवटची वर्षं ठाण्यात एका मराठी कुटुंबात राहिले. पाहुणे म्हणून आलेले, घरचेच होऊन गेले. होमिओपॅथीची औषधं द्यायचे लोकांना. २८ जानेवारी २००७ ला गेले तेही त्याच घरात. आपल्या रक्ताच्या कोणी अंत्यविधीला यायचं नाही असं सांगून ठेवलेलं. एवढा मोठा माणूस, आणि ज्यांनी शेवटी केलं त्यांचं त्याच्याशी नातं काय, तर त्याची गाणी आवडायची.

मी तेव्हा ठाण्यातच होतो, आजही आहे. दोन गल्ल्या सोडून. कधी भेटायला गेलो नाही. तापट माणूस, हाकलून देईल अशी भीती. हॅट घालून चाललेले एकदा लांबून बघितले, रस्ता ओलांडून जाऊन नमस्कारसुद्धा केला नाही.

आम्ही ओपीवाले पाच जण होतो. दर महिन्याला बसायचो, टांग्याच्या ठेक्यावर टेबल बडवून शेजाऱ्यांच्या शिव्या खायचो. दोन गेले, एक मुलाकडे कॅनडाला, एकाला आता काही आठवत नाही, बायकोलाही ओळखत नाही. गाणं लावलं तर टेबलावर बोटं चालतात त्याची, बरोबर ठेक्यात. पण गाणं संपलं की परत शून्य. तर उरलो मी. म्हणून तुमच्या धाग्यांवर येऊन भांडतो. आमच्यात आता भांडायलासुद्धा कोणी नाही.

येत्या १६ जानेवारीला ओपींना शंभर वर्षं होतात. १९२६ चा जन्म. मी एकटाच रेकॉर्ड लावून बसणार होतो.

---

कांची_नागपूर | २९ डिसेंबर, रात्री ११:०३

ओपीकाका, एकटे का म्हणून??

---

टारदेव७४ | ३० डिसेंबर, सकाळी ६:३०

ठेका साहेब, ओपी तर आमच्या तरुणपणाचे. पंचम नंतर आले. मी कॉलेजात असताना आमच्या चाळीत ओपीच वाजायचे. ही पोरं आल्यावर मी तिकडे वळलो, तुम्हाला वाटेल गद्दारी केली. मी येतो.

---

लोफाय_लेकरू | ३० डिसेंबर, सकाळी ९:१८

मला ओपींचं एकही गाणं माहीत नाही. आले तर परीक्षा घेणार का?

---

ठेका_ओपीचा | ३० डिसेंबर, सकाळी ९:२५

घेणार. टेबल नीट वाजवता आलं पाहिजे. बाकी काही नाही.

---

खिडकीवाला | ३० डिसेंबर, सकाळी ९:५१

१६ ला शुक्रवार आहे. रजा टाकली आत्ताच. साहेब म्हणाले, अरे तुझं ४ तारखेला असतं ना? म्हणलं ते आमच्या घरातलं, हे काकांकडचं.

पुण्याहून सहा जण एका गाडीत येतोय, लेकरूला वाटेत घेतो. हिशोबनीस, तुमचे दोन्ही गट चालतील, फक्त निवेदन कोणी करायचं नाही. कराओके आणलं तर खाली उभं करू. एडिसनवाल्यांना व्हिडिओवर घेऊ. मडगावचो, तुझ्या अंकलने ओपींकडे वाजवलं होतं का ते बघ, असेल तर तो १७ नंबरचा फोटो पाठव, लावू.

ओपीकाका, प्लेअर आहे ना तुमच्याकडे? नसेल तर टारदेवकाकांचा गाडीत घालून आणतो.

---

ठेका_ओपीचा | ३० डिसेंबर, सकाळी १०:०४

प्लेअर आहे. सुई गेलीय. येताना सुई आणा.